फळं नकोत, पण झाड आवर!

हल्ली आमच्या नाहूरमध्ये कुणी झाड लावलं तर कुणाची हरकत नसते. अट एकच, त्या झाडाला फळ येता कामा नये.

फळ न देणारं झाड हे आता सभ्य झाड समजलं जातं. ते सरळ उभं राहतं, कुणाच्या खिडकीत डोकावत नाही, पाखरांना आसरा देत नाही, पोरांना चढू देत नाही आणि गाडीवर काही टाकत नाही. कुठल्याही नव्या टॉवरच्या फाटकाशी जाऊन पाहा. दोन्ही बाजूंना ताडाच्या जातीची परदेशी झाडं गणवेशातल्या दरवानांसारखी उभी असतात. बुंध्याशी पांढरे गोटे, वर चार झावळ्या. त्यांची नावं माळ्यालाही ठाऊक नसतात, ती फक्त नर्सरीच्या बिलावर असतात. याउलट पेरू, चिकू, जांभूळ, फणस ही मंडळी म्हणजे न कळवता आलेले गावाकडचे पाहुणे. येताना पिशवी भरून आणतात हे खरं, पण अंगणात पसारा करतात, मोठ्याने बोलतात आणि चार माणसं गोळा करतात. म्हणून त्यांना परतीच्या गाडीत बसवून द्यायची सगळ्यांना घाई.

या घाईविरुद्ध मला दोन शब्द बोलायचे आहेत. दोनाचे चार झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावं, कारण उन्हाळा आहे आणि डोकं तापलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मुंबईला फळझाडांचं वावडं कधीच नव्हतं. या शहराचे पत्तेच मुळी झाडांवर लिहिलेले आहेत. चिंचपोकळी, चिंचबंदर, फणसवाडी, उंबरखाडी. बोरीच्या झाडांवरून बोरिवली आली असं म्हणतात. वाडवडिलांनी आधी झाड पाहिलं आणि मग गावाला नाव दिलं. आपण क्रम उलटा केला. आधी झाड तोडतो आणि मग त्याचं नाव इमारतीला देतो. इंग्रजीत ‘आमराई’ असं नाव असलेल्या कुठल्याही गृहसंकुलात जा, आंबा फक्त फाटकावरच्या पाटीत सापडेल, तोही पितळेचा.

माझगावच्या आंब्याची गोष्ट तर प्रत्येक सोसायटीच्या कार्यालयात चौकट करून लावावी अशी आहे. मारिया ग्रॅहॅम नावाची एक इंग्रज बाई १८०९ मध्ये मुंबईत आली होती. तिचं प्रवासवर्णन १८१२ मध्ये छापून निघालं. त्यात तिने नोंद केली आहे की माझगावच्या मूळ आंब्याच्या झाडावर फळांच्या मोसमात शिपायांचा पहारा बसत असे, आणि शहाजहानच्या काळी हे आंबे दिल्लीला पोचवण्यासाठी वाटेत जासूद ठेवलेले असत. पुढे टॉमस मूर नावाच्या आयरिश कवीने १८१७ च्या आपल्या काव्यात माझगावच्या आंब्यांना स्थान दिलं. म्हणजे हिंदुस्थान कधीही न पाहिलेल्या कवीला मुंबईचा आंबा ठाऊक होता. आज आमच्याही फाटकावर दोन शिपाई असतात. ते गाड्यांवर पहारा ठेवतात. आंबा पडला तर गाडीवर पडू नये एवढीच त्यांना ताकीद आहे.

आता नाहूरविषयी. नाहूर म्हणजे भांडुप आणि मुलुंड यांच्या चिमटीत धरलेलं स्टेशन. फास्ट गाडी आमच्याकडे मान वळवूनही पाहत नाही. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेला मिठागरं आणि ठाण्याची खाडी. मधल्या पट्ट्यात लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने कारखाने होते, त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आमच्या स्टेशनावरच्या पुलावरून जातो, त्यामुळे गोरेगावला जायचं नसलेल्या माणसालाही त्याची धूळ मिळते. या सगळ्या धांदलीत ज्या जुन्या तीन-चार मजली इमारती उरल्या, त्यांच्या मागे मातीचे चिंचोळे पट्टे उरले. त्याला कुणी ‘बॅक साइड’ म्हणतं, कुणी ‘ओपन स्पेस’. मराठीत त्याला परस म्हणतात. मोरीचं पाणी जिथे जातं, त्याच्या तोंडाशी अळू आणि केळ लावायची ही आपली जुनी व्यवस्था. सांडपाण्याच्या पुनर्वापरावर चर्चासत्रं निघण्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्या तो करत होत्या, आणि भोजनाचा खर्चही मागत नव्हत्या.

आमच्या बी विंगच्या मागे असा एक पट्टा आहे. लांबी साधारण साठ फूट, रुंदी बारा. त्यात एक चिकू, एक फणस, एक रायवळ आंबा, एक लिंबू, दोन पपया, केळीचं एक बेट, भिंतीला लागून कढीपत्ता आणि कोपऱ्यात एक जांभूळ आहे. यांपैकी एकही झाड कुणी योजना आखून लावलेलं नाही. कुणी आठळी टाकली, कुणी कोय. कुणाच्या तरी सासूबाईंनी गावाहून येताना ओल्या फडक्यात गुंडाळून कलम आणलं. जमीन म्हणाल तर वर मुरूम, खाली बिल्डरने गाडलेलं डबर. अशा जागी ही झाडं उभी राहिली आणि फळं देऊ लागली, यात आमच्यापैकी कुणाचंही कर्तृत्व नाही. आता त्यांना काढून तिथे पेव्हर ब्लॉक बसवावेत आणि चार मोटारींची सोय करावी असा ठराव येऊ घातला आहे. ठरावाच्या मसुद्यात झाडांना ‘अडथळे’ म्हटलं आहे. तीस वर्षं जागा न सोडणाऱ्याला कायद्यात वेगळा शब्द आहे, पण तो फक्त माणसांना लागू होतो.

ठरावाच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात ते एकेक करून पाहू.

पहिला मुद्दा: कचरा होतो. पानं पडतात, हे मला मान्य आहे. झाडाने पानं टाकू नयेत तर काय करावं, लॉकरमध्ये ठेवावीत? पण या कचऱ्याचं आम्ही काय करतो ते पाहा. सकाळी झाडूवाला पानं गोळा करतो, काळ्या पिशव्यांत भरतो आणि त्या नेण्याचे आम्ही पैसे मोजतो. त्याच दिवशी दुपारी तिसऱ्या मजल्यावर एक खोकं येतं. त्यात नारळाच्या काथ्याची वीट आणि कुजलेल्या पानांचं खत असतं, वर हिरव्या अक्षरांत ‘सेंद्रिय’ असं छापलेलं. म्हणजे पानं फेकायला पैसे, आणि पानं विकत घ्यायलाही पैसे. बँकेत कुणी असा व्यवहार केला असता तर ऑडिटरने त्याला बसायला खुर्चीही दिली नसती. तीच पानं झाडाच्या आळ्यात चार बोटं जाड पसरली तर माती तापत नाही, पाणी निम्मं लागतं आणि पावसाळ्यानंतर त्यांचं आपोआप खत होतं. याला शेतकरी आच्छादन म्हणतो. आमचे सेक्रेटरी याला ‘अस्वच्छता’ म्हणतात.

दुसरा मुद्दा खजिनदारांचा. ते म्हणतात, “त्या जागेचं उत्पन्न शून्य. चार गाड्या लागल्या तर दरमहा भाडं जमा होईल.” हिशेबाची भाषा निघालीच आहे तर ती मलाही थोडी येते. बी.कॉम. झाल्यापासून मी दुसऱ्यांच्या पैशांच्या बेरजा करतो आहे. ताळेबंदाला दोन बाजू असतात आणि खजिनदारांनी एकच वाचली आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये मुंबईत एक लिंबू दहा-पंधरा रुपयांना झालं होतं. पाहुण्याला सरबत विचारताना यजमानाचा आवाज बारीक होत असे. त्या महिन्यात खजिनदारांकडे रोज सरबत होत होतं. लिंबं कुठून येत होती, याची नोंद सोसायटीच्या कुठल्याही वहीत नाही. दुसरं, घसारा. मोटार शोरूमच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते. पेव्हर ब्लॉक दोन पावसाळ्यांत म्हातारीच्या दातांसारखे हलू लागतात, आणि त्यावर पाय पडला की खालचं पाणी थेट पँटवर. झाड ही अशी मालमत्ता आहे की तिला घसारा उलटा लावावा लागतो. शे-दोनशेचं रोप वीस वर्षांनी फळ देतं, सावली देतं, आणि एकही ‘रिपेअर फंड’ मागत नाही. शिवाय गेल्या मे महिन्यात विशेष सभा भरली ती कुठे? आमच्याकडे सभागृह नाही. फरसबंदी अंगण इतकं तापलं होतं की खुर्च्या उचलून सगळे चिकूखाली गेले. पार्किंग वाढवण्याची मागणी त्या दिवशी सर्वप्रथम मांडली गेली. चिकूने ती शांतपणे ऐकून घेतली.

तिसरा मुद्दा: फळं गाडीवर पडतात. जांभळाचा डाग जात नाही, हेही मान्य. पण झाड आधी होतं की गाडी? पंचवीस वर्षं जांभूळ त्याच जागी फळं टाकत आहे. त्याच्या खाली गाडी लावायची आणि मग झाडाविरुद्ध तक्रारअर्ज द्यायचा, हे म्हणजे स्टेशनजवळ घर घेऊन गाड्यांचा आवाज येतो म्हणून रेल्वेला नोटीस पाठवण्यासारखं झालं.

चौथा मुद्दा सर्वांत नाजूक: फळ कुणाचं? तळमजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, फणस आमच्या खिडकीसमोर आहे म्हणून आमचा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं म्हणणं, आठळी मी टाकली होती. सेक्रेटरींचं म्हणणं, जमीन सोसायटीची म्हणून फणस सोसायटीचा. वॉचमन काहीच म्हणत नाही. तो फणस खाऊन मोकळा होतो. यावरून दरवर्षी भांडण होतं, आणि म्हणूनच काही शहाण्यांचं मत पडलं की फळ हेच भांडणाचं मूळ, तेव्हा मूळच उपटा.

मला नेमकं उलटं वाटतं. आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं आहेत. एरवी जिन्यात भेटलो तर आम्ही मोबाइलकडे पाहतो. फणसाच्या निमित्ताने निदान तोंडाने भांडतो तरी. आणि भांडण संपल्यावर काय होतं तेही पाहा. एक आख्खा बरका फणस एका बिऱ्हाडाला झेपत नाही. तो फोडायला हाताला खोबरेल लागतं, विळी लागते, जुनी वर्तमानपत्रं लागतात आणि फणस फोडता येणारं एक तरी माणूस लागतं. ते माणूस म्हणजे आमच्या आजी. मग त्या खाली खुर्ची टाकून बसतात, हाताखाली चार पोरं घेतात, आणि दुपारपर्यंत सोळा घरी सोळा वाडगे पोचतात. आठळ्या भाजून पोरं खातात. ज्या दोन घरांत एरवी बोलणं नसतं, त्यांच्यातही वाडग्याची ने-आण होते, कारण वाडगा रिकामा परत करायचा नाही हा नियम कुठल्याही उपविधीपेक्षा जुना आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था या नावातला ‘सहकार’ आमच्याकडे वर्षातून एकदाच दिसतो, आणि तो गऱ्यांच्या वासाने येतो. पार्किंगच्या चार जागांवरून भांडण झालं तर त्यातून कुणाच्या घरी काय पोचणार? वकिलाची नोटीस.

पाचवा मुद्दा: पोरं झाडावर चढतात, पडली तर जबाबदारी कुणाची? मी हा मुद्दा गांभीर्याने घेतला आणि मे महिन्यात पाळत ठेवली. एकही पोर चढलं नाही. पोरं ‘समर कॅम्प’ला गेली होती. तिथे काही हजार रुपये भरून त्यांना ‘निसर्गाची ओळख’ करून देतात. आमच्या शेजारचा मुलगा तिथून हिरव्या कागदाचं पान कापून घेऊन आला. ते त्याने डिंकाने एका पुठ्ठ्याच्या झाडाला चिकटवलं होतं. मी त्याला विचारलं, “कसलं रे हे झाड?” तो म्हणाला, “काका, ट्री.” त्याच्या खिडकीबाहेर चिकू लगडला होता. चिकू तोडल्यावर लगेच खायचा नसतो, देठातून चीक येतो, चार दिवस पिकत ठेवावा लागतो, ही गोष्ट सातव्या वर्षी कळली तर माणसाला पुढे आयुष्यात बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडते. कॅम्पमध्ये ती शिकवत नाहीत, कारण कॅम्प तीनच दिवसांचा असतो.

सहावा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो थट्टेवारी नेण्यात अर्थ नाही. पाणी. मुंबईचं बरंचसं पाणी आमच्या शेजारी भांडुपलाच शुद्ध होतं, पण देवळाशेजारी राहिल्याने पुण्य मिळत नाही तसं ते जादा आम्हाला मिळत नाही. २०२४ मध्ये तलावांचा साठा खाली गेला तेव्हा ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात झाली होती. शहापूर तालुक्यातल्या तानसा-भातसाच्या काठची गावं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात आणि त्यांच्या उशाचं पाणी आपण पितो. तेव्हा नळाला पाइप जोडून आंब्याला आंघोळ घालणारा माणूस मलाही गुन्हेगार वाटतो. पण त्याच पाइपने रोज सकाळी गाडीला आंघोळ घालणारा माणूस त्या ठरावाचा सूचक आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

झाडाला लागतं ते पाणी घरातच असतं. तांदळाचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी. एअर कंडिशनरच्या नळीतून मुंबईच्या दमट हवेत रात्रभर जे ठिबकतं ते एका घराचं पाऊण बादली सहज भरतं, आणि सध्या ते पाणी खालच्या माणसाच्या टाळक्यावर पडण्यापलीकडे काही करत नाही. सच्छिद्र माठ आळ्यात गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवला, तोंडावर झाकण ठेवलं, की तो मुळांना दोन-तीन दिवस पुरवून पुरवून पाणी देतो. ही युक्ती फार जुनी आहे आणि तिला वीज लागत नाही. आणि मोठं झालेलं झाड तर जवळजवळ काहीच मागत नाही. आमच्या आंब्याला मी पाणी घातलेलं कुणी पाहिलेलं नाही. तरी तो वर्षाआड का होईना, मोहरतो.

उलट लिंबासारख्या झाडाला बहार धरायचा तर आधी पाणी तोडावं लागतं. याला ताण देणे म्हणतात. पाणी बंद केलं, थोडी पानं गळाली, की मग खत-पाणी दिल्यावर झाड फुलतं. मृग बहार, हस्त बहार, आंबिया बहार ही सगळी या ताणाचीच गणितं. नुसत्या ताणाने फळ आलं असतं तर सकाळच्या सात बावन्नच्या लोकलमधला प्रत्येक माणूस घाटकोपर येईपर्यंत फळांनी लगडला असता. ताणानंतर पाणी द्यावं लागतं, हे झाडाच्या मालकाला कळतं. आमच्या साहेबांना अजून कळायचं आहे.

आता शेवटचा आणि सर्वांत गोड बोलणारा पक्ष. हे लोक म्हणतात, “अहो, झाडं आम्हालाही आवडतात. पण जमीन कशाला? कुंडीत लावा, गच्चीवर लावा.” कुंडीत लिंबू येतं, अंजीर येतं, तुती तर इतकी येते की शेजाऱ्यांना शोधावं लागतं. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर फळबाग उभी केली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी तर ‘प्रयोग परिवार’ उभा करून हजारो लोकांना दाखवून दिलं की घरातला काडीकचरा आणि डोक्यावरचं ऊन हेच भांडवल. दाभोळकर गणिताचे अध्यापक होते, म्हणजे हिशेबी माणूसच. पण ही माणसं कुंडीत झाड लावत होती, कारण त्यांना झाड हवं होतं. आमचे लोक कुंडी सुचवतात, कारण त्यांना जमीन हवी आहे. आणि आमच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे आहे. वॉटरप्रूफिंग खराब होईल म्हणून ते तिथे पापडही वाळत घालू देत नाहीत.

हा ‘वर लावा’वाला युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. मुंबईतल्या एका बांधकामाच्या खटल्यात डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नियमाप्रमाणे सोडायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर बाग केली म्हणजे ती भरून निघत नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांबद्दल आदेश दिला की बुंध्याभोवतीचं एक मीटर अंतरापर्यंतचं काँक्रीट काढून टाका. आपल्याकडे १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, झाड तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून शहाणे लोक झाड तोडत नाहीत. ते बुंध्याला गळ्यापर्यंत सिमेंट लावतात आणि झाड आपणहून राजीनामा देण्याची वाट पाहतात. बँकेत एखाद्या माणसाला काढता येत नसलं की त्याची बदली करतात, तसलाच हा प्रकार.

तेव्हा या उन्हाळ्यात परसात काय करायचं, हे मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. ज्यांच्याकडे दोन हात माती उरली आहे, त्यांनीही करून पाहावं. मार्चअखेरच्या खातेबंदीतून मान मोकळी झाली की आधी आंब्याच्या आणि चिकूच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावायची. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, हे प्रमाण. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवायचा, लोखंडाच्या नव्हे. या बोर्डोची जन्मकथा मला फार आवडते. फ्रान्समध्ये बोर्डो गावाजवळ रस्त्याकडेचे द्राक्षमळेवाले येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवत. पानं निळी दिसली की लोक विषाच्या भीतीने हात लावत नसत. १८८०च्या दशकात मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा रोग पडलेला नाही. म्हणजे जगातलं एक मोठं बुरशीनाशक फळचोरांच्या कृपेने सापडलं. सगळ्यांनी शिस्तीने झाडाला हात लावला नसता तर ते सापडलं असतं का? आमच्या वॉचमनकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहतो.

मग चैत्रात आच्छादन, माठ पुरणं. केळीच्या बेटात एक जोमदार मुनवा ठेवून बाकीचे काढून टाकायचे, नाहीतर घड लहान पडतो. लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ते निरखून पाहायचं. ती अळी असते. पुढे ती हिरवी होते आणि तिचं फुलपाखरू होतं. दोन-चार पानं तिला द्यावीत, झाड काही खचत नाही. पपई उभयलिंगी निघाली नाही तर नराच्या झाडाला मे महिन्यात नुसती फुलांची झुंबरं लटकतात आणि एकही फळ धरत नाही. तरी एखादा नर ठेवावा लागतो, हे आमच्या घरात मला वारंवार ऐकवलं जातं.

आणि वैशाखात खड्डा. आंबा, चिकू, नारळ यांसाठी एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. तो उन्हात तापू द्यायचा, म्हणजे मातीतली कीड मरते. पावसाच्या तोंडावर पालापाचोळा, शेणखत आणि वरची माती घालून भरायचा, आणि पहिला पाऊस जिरला की कलम लावायचं. कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्नमंत्री असताना १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू झाला, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. महाराष्ट्र सरकारने २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडांचा संकल्प सोडला, तोही पावसाळ्यातच. जुलैत फोटो निघतात. पण मे महिन्यात त्या खड्ड्यापाशी उभं राहायला कुणी पुढारी येत नाही, आणि झाड जगतं की मरतं ते मे महिन्यातच ठरतं. त्या वर्षीचा खड्डा खणतानाही, आणि पुढल्या वर्षी रोपाला पहिला उन्हाळा काढायचा असतो तेव्हाही.

माझी मागणी लहान आहे. मागच्या पट्ट्यातली एकही फूट माती झाकू नये. पानं तिथेच पडू द्यावीत. फणसाची एक वही घालावी, त्यात सोळा बिऱ्हाडांची नावं लिहावीत, वही आजींच्या ताब्यात राहावी आणि तिचं ऑडिट होऊ नये. गाड्यांचं काय करायचं ते गाडीवाल्यांनी ठरवावं. त्यांच्या गाड्यांना चाकं आहेत, माझ्या चिकूला नाहीत.

आणि एक नवं झाड लावावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘रत्ना’ ही आंब्याची जात १९८१ ची, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याला तयार झालेली. हापूसइतका तिचा तोरा नाही आणि ती दरवर्षी फळते. मध्यमवर्गीय सोसायटीला शोभेल असाच आंबा आहे. त्यासाठी मी गेल्या रविवारी पट्ट्याच्या टोकाला, जिथे ऊन चांगलं येतं, चुन्याने एक चौकोन आखून ठेवला. एक मीटर बाय एक मीटर, कोपरे काटकोनात. सेक्रेटरी वरून पाहत होते. ते मुद्दाम खाली आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “वा! पार्किंगच्या रेघा तुम्हीच मारायला घेतल्यात, बरं केलंत. फक्त गाडीच्या मानाने जरा लहान झाल्यात.”

मी म्हटलं, “साहेब, स्कूटरसाठी आहे.” कुदळ दुसऱ्याच दिवशी आणली.